भिंतीवरचं ओझं उतरलं तेव्हा

शिकागोमध्ये मोनॅडनॉक नावाची १६ मजली इमारत आहे. रस्त्यावरून ती एकसंध वाटते, पण बांधली दोन टप्प्यांत. उत्तरेकडचा भाग १८९१ साली पूर्ण झाला. त्याच्या बाहेरच्या भिंती विटांच्या आहेत आणि वरच्या मजल्यांचा भार त्यांच्यावरच आहे, म्हणून तळाशी त्या ६ फूट जाड आहेत. एक माणूस आडवा झोपेल एवढी जागा नुसती भिंतच खाते, आणि खिडकीचा खोल कोनाडा होतो. दोन वर्षांनी, १८९३ साली, दक्षिणेकडचा भाग उभा राहिला. उंची साधारण तेवढीच, पण या वेळी भार पोलादी सांगाड्यावर टाकला होता. भिंती एकदम सडपातळ झाल्या आणि वापरायला जागा जास्त मिळाली.

आधुनिक वास्तुकला म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मी या इमारतीपासून सुरुवात करते. कारण बहुतेकांच्या डोळ्यांसमोर काच, पांढरा रंग आणि सपाट गच्चीचा ठोकळा येतो, आणि तिथेच गैरसमजाला सुरुवात होते. काच आणि ठोकळा हे नंतरचे परिणाम आहेत. मूळ घटना एकच आहे: भिंतीच्या डोक्यावरचं ओझं उतरलं.

हजारो वर्षं भिंत तीन कामं एकटीनं करत होती. छप्पर पेलणं, ऊन-वारा-पाऊस अडवणं, आणि आतलं बाहेरच्यापासून वेगळं करणं. पहिलं काम इतकं अवघड होतं की बाकी सगळं त्याच्या मागे फरफटत जायचं. खिडकी मोठी केली तर भिंत कमकुवत होते, म्हणून खिडकी लहान. वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच यायला हवी, म्हणून वरच्या खोल्या खालच्या खोल्यांसारख्याच. लोखंड, पोलाद आणि सळयांचं काँक्रीट आलं तेव्हा हे पहिलं काम खांब आणि तुळयांनी उचललं. भिंत मोकळी झाली. ती आता काचेची चालते, वाकडी चालते, अर्धीच चालते, नसली तरी चालते. मग प्रश्न उरतो तो असा, की मुळात ती तिथे का हवी?

दोन माळी

या कथेच्या सुरुवातीला दोन माळी भेटतात, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पहिला जोसेफ पॅक्स्टन. लंडनच्या हाइड पार्कमध्ये १८५१ साली मोठं जागतिक प्रदर्शन भरायचं होतं आणि वेळ अगदी थोडा होता. पॅक्स्टननं उभं आयुष्य झाडांसाठी काचघरं बांधण्यात घालवलं होतं. त्यानं तीच पद्धत वापरायचं सुचवलं: लोखंडाचे एकसारखे भाग कारखान्यात ओतायचे, काचा एकाच मापाच्या घ्यायच्या आणि सगळं जागेवर आणून जोडायचं. क्रिस्टल पॅलेस काही महिन्यांत उभा राहिला. लांबी १,८५१ फूट आणि काचेची तावदानं ३ लाखांच्या घरात. प्रदर्शन संपल्यावर तो सुटा करून दुसऱ्या जागी पुन्हा उभारला गेला आणि १९३६ साली आगीत जळाला. इमारत उचलून दुसरीकडे नेता येते ही कल्पनाच त्या काळच्या लोकांना चक्रावून टाकणारी होती.

दुसरा माळी फ्रान्सचा जोसेफ मोनिए. काँक्रीटच्या कुंड्या तडकतात म्हणून त्यानं त्यांच्या आत लोखंडी तारांची जाळी घातली आणि १८६७ साली त्याचं पेटंट घेतलं. आज जवळजवळ प्रत्येक स्लॅबच्या पोटात त्या कुंडीचीच कल्पना आहे.

ती कल्पना समजून घ्यायला एक खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनानं थोड्या थोड्या अंतरावर उभ्या रेघा मारा आणि दोन्ही टोकं धरून मधला भाग खाली वाकवा. वरच्या बाजूला रेघा एकमेकींजवळ येतात आणि खालच्या बाजूला फाकतात. म्हणजे वर दाब, खाली ताण. प्रत्येक तुळईत हेच चाललेलं असतं. दगड आणि काँक्रीट दाबाला भक्कम असतात. ताणाला मात्र चटकन तडकतात. पोलादाला ताण आवडतो. म्हणून जिथे रेघा फाकतात, तिथे सळया घालायच्या. दोन्ही टोकांना टेकलेल्या तुळईत त्या तळाशी लागतात. भिंतीबाहेर आलेल्या बाल्कनीत वाकणं उलटं होतं, म्हणून सळया वरच्या बाजूला जातात. हे उलटसुलट झालं तर बाल्कनी कोसळते. आणि हे लग्न टिकण्यामागे निसर्गाची मोठी कृपा आहे: उन्हानं काँक्रीट आणि पोलाद जवळजवळ सारखंच प्रसरण पावतात. तसं नसतं तर दोघं काही ऋतूंतच एकमेकांपासून सुटले असते.

लिफ्टचा उल्लेख इथे करायलाच हवा, नाहीतर सांगाडा सहा-सात मजल्यांवरच थांबला असता. एलिशा ओटिसनं १८५४ साली न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात उंच पाळण्यावर उभं राहून वरचा दोर कापायला लावला. पाळणा किंचित घसरला आणि जागीच अडकला. त्याआधी सर्वांत वरचा मजला सर्वांत स्वस्त असायचा, कारण तिथवर जिने चढून जावं लागायचं. लिफ्ट आल्यावर तोच मजला सर्वांत महाग झाला.

पाच मुद्दे आणि गळणारं छप्पर

भिंत मोकळी झाली तरी बराच काळ लोक सांगाड्यावर जुन्याच महालांचं नक्षीकाम चढवत राहिले. नव्या हाडांना नवा चेहरा कसा असावा, हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या पिढीनं शोधलं. जर्मनीत वॉल्टर ग्रोपियसनं १९१९ साली बाउहाउस ही शाळा काढली. तिथे पहिल्या वर्षाचे विद्यार्थी कागद, लाकूड, धातू, कापड हाताळत साहित्याचा स्वभाव शिकायचे. १९३३ साली नाझी राजवटीच्या दडपणाखाली ती बंद पडली आणि तिचे शिक्षक जगभर पांगले. जगातल्या पुष्कळ आर्किटेक्चर कॉलेजांत आजही पहिल्या वर्षी जे शिकवतात, त्यावर त्या १४ वर्षांची छाप आहे.

ल कॉर्ब्युझिए या स्विस-फ्रेंच आर्किटेक्टनं नव्या घराचे पाच मुद्दे मांडले. घर बारीक खांबांवर उचला, खाली जमीन मोकळी ठेवा. आतल्या भिंती हव्या तिथे घाला. बाहेरचा दर्शनी भाग भारमुक्त ठेवा. खिडकी या टोकापासून त्या टोकापर्यंत आडवी पट्टीसारखी ओढा. आणि जी जमीन घरानं व्यापली ती गच्चीवरच्या बागेतून परत करा. नीट पाहिलं तर हे पाच मुद्दे एकाच मुद्द्याची पाच रूपं आहेत. खांबांनी भार घेतला, की बाकीचे चार आपोआप शक्य होतात.

पॅरिसजवळ प्वासी इथलं व्हिला सॅव्हॉय (१९२८ ते १९३१) हे या पाचही मुद्द्यांचं घर आहे. हिरवळीवर टेकवलेली पांढरी पेटी. तळमजल्याचा वळसा मोटारगाडी किती जागेत वळते यावरून ठरवलेला. आतून एक उतरण माणसाला हळूहळू वर नेते. चढताना दृश्य सतत बदलत राहतं आणि शेवटी आकाश लागतं. माझ्या मते ही विसाव्या शतकातल्या सर्वांत सुंदर चढणींपैकी एक आहे. आणि हे घर गळत होतं. मालकीणबाईंनी पावसाच्या पाण्याबद्दल आर्किटेक्टला पुन्हा पुन्हा तक्रारीची पत्रं लिहिली. सपाट गच्चीची कल्पना पुढे गेली होती, ती जलरोधक करण्याचं कसब मागे राहिलं होतं. आज ते घर जागतिक वारसा आहे. विद्यार्थ्यांना मी दोन्ही गोष्टी एकत्रच सांगते, कारण ज्या बाईच्या खोलीत पाणी टपकत होतं तिला वारशाशी काय घेणं!

अमेरिकी आर्किटेक्ट लुई सलिव्हननं १८९६ साली लिहिलं होतं, की रूप हे कामामागून येतं. हे वाक्य इतकं घासलं गेलंय की त्याचा अर्थ ‘सजावट नको’ एवढाच उरलाय. खरा अर्थ पाहायचा असेल तर फिनलंडमधल्या पाइमिओच्या क्षयरोग रुग्णालयाकडे पाहावं. आल्वार आल्टो आणि आइनो आल्टो या जोडप्याचं हे काम १९३३ साली पूर्ण झालं. तेव्हा क्षयावर औषध नव्हतं. ऊन, हवा आणि विश्रांती हाच उपचार. आल्टोंनी एक साधी गोष्ट ध्यानात घेतली: बाकीच्या खोल्या उभ्या किंवा बसलेल्या माणसासाठी असतात, इथला माणूस दिवसरात्र आडवा आहे. मग सगळंच बदललं. आडव्या माणसाला भिंतीपेक्षा छत जास्त दिसतं, म्हणून छताला शांत, गडद हिरवट रंग दिला. दिवा त्याच्या डोळ्यांवर येणार नाही अशा जागी लावला. खोलीत दोघं राहणार. एकानं हात धुतले तर दुसऱ्याची झोप मोडू नये म्हणून बेसिनचा उतार असा केला की पाणी आवाज न करता घरंगळावं. दाराची मूठ अशी वळवली की घाईत जाणाऱ्या डॉक्टरांच्या कोटाची बाही तिच्यात अडकू नये.

या बेसिनचा विचार मी किती वेळा केला असेल, सांगता येणार नाही. कोणत्याही कोनातून फोटो काढा, तो विचार फोटोत दिसत नाही.

चूक कुणाची

आधुनिक वास्तुकलेवरचा सर्वांत मोठा आरोप अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातल्या प्रुइट-आयगो वसाहतीच्या नावावर आहे. गरिबांसाठी ११ मजल्यांच्या ३३ इमारती, १९५०च्या दशकात बांधलेल्या, आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी. १९७२ साली त्या सुरुंग लावून पाडायला सुरुवात झाली, आणि त्या धुराळ्याचे फोटो ‘आधुनिक वास्तुकलेचा मृत्यू’ म्हणून गाजले.

हा निकाल मला अर्धाच पटतो. देखभालीचा पैसा भाड्यातून यायचा होता, पण शहरातून रोजगार आणि लोक निघून गेले, घरं रिकामी पडली, पैसा आटला. वंशभेदाची धोरणं त्यात होतीच. कितीही चांगली इमारत अशा परिस्थितीत टिकली असती असं वाटत नाही. तरीही आर्किटेक्चर पूर्ण निर्दोष नव्हतं. खर्च वाचवायला लिफ्ट ठरावीक मजल्यांवरच थांबायची. बाकीच्यांनी लांब, कुणाच्याच मालकीचे नसलेले बोळ आणि जिने ओलांडून घर गाठायचं. कागदावर त्या बोळांना सामाजिक भेटीगाठींची जागा म्हटलं होतं. प्रत्यक्षात तिथे भीती वाटायची.

उलट टोकाचं उदाहरण बाळकृष्ण दोशींचं. तरुणपणी त्यांनी ल कॉर्ब्युझिएच्या पॅरिसमधल्या कार्यालयात काम केलं आणि २०१८ साली त्यांना वास्तुकलेतला सर्वोच्च मानला जाणारा प्रित्झकर पुरस्कार मिळाला. इंदूरच्या अरण्य वसाहतीत त्यांनी गरीब कुटुंबांना पूर्ण घर दिलंच नाही. प्लॉट, जोतं, पाण्याची आणि शौचालयाची सोय एवढं पक्कं दिलं. वरचं घर ज्यानं त्यानं ऐपतीप्रमाणे वाढवायचं. आर्किटेक्टनं कुठे थांबायचं, हाही रचनेचाच भाग असतो हे मला तिथून कळलं.

शिकायचं म्हणजे काय शिकायचं

‘चित्रकला चांगली आहे, आर्किटेक्ट होईल’ किंवा ‘गणित कच्चं आहे, जमणार नाही’ ही दोन्ही वाक्यं मी पालकांकडून नेहमी ऐकते. दोन्ही फारशी उपयोगाची नाहीत. हाताला वळण असलं तर मदत होते, पण ते शिकता येतं. गणित लागतं ते बहुतेक शाळेतलंच; अवघड हिशेब स्ट्रक्चरल इंजिनिअर करतात. भार कुठून कुठे जातो हे मात्र मनात दिसावं लागतं, म्हणूनच वर खोडरबर वाकवायला लावला.

खरी लागते ती नजर. पहिल्या वर्षी मी मुलांना एक जिना मोजून आणायला सांगते. दोन पायऱ्यांची उंची अधिक एका पायरीची पुढून मागपर्यंतची रुंदी मिळून साधारण ६० ते ६५ सेंटीमीटर व्हायला हवी, असा नियम सतराव्या शतकात फ्रान्सच्या फ्रान्स्वा ब्लॉन्देलनं मांडला, आणि तो आजही वापरात आहे. साडेसतरा, साडेसतरा आणि अठ्ठावीस: बेरीज ६३. हा आकडा माणसाच्या एका ढांगेवरून आला आहे. पायऱ्या चढताना दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच पाय उंची पाठ करतो आणि पुढे डोळ्यांना विचारत नाही. म्हणून मधली एखादीच पायरी एक-दीड सेंटीमीटरनं वेगळी झाली तरी माणूस अडखळतो. जिना मोजून आलेला मुलगा पुढे कुठलाही जिना नुसता चढत नाही. त्या दिवसापासून त्याचं शिक्षण सुरू झालं असं मी धरते.

कॉलेजातलं मुख्य शिक्षण स्टुडिओत होतं. एक जागा, एक गरज दिली जाते, आठवडेच्या आठवडे त्यावर काम चालतं. प्लॅन म्हणजे इमारत कमरेच्या थोडं वर आडवी कापून वरून पाहिलेलं चित्र. सेक्शन म्हणजे तीच केकसारखी उभी कापून बाजूनं पाहिलेलं. नवखे विद्यार्थी प्लॅनमध्येच रमतात. पण उजेड कुठून पडतो, वरच्या मजल्यावरचा माणूस खालच्याला हाक मारू शकतो का, पावसाचं पाणी कुठे जातं, हे सगळं सेक्शन सांगतो. कुठलाही नवा प्रकल्प माझ्यासमोर आला की मी आधी सेक्शन मागते.

आणि मग ज्यूरी. भिंतीवर शीट लावून, शेजारी मॉडेल ठेवून उभं राहायचं आणि समोरच्यांचे प्रश्न झेलायचे. ‘ही भिंत इथे का?’ हा प्रश्न हमखास येतो. ‘छान दिसते म्हणून’ असं उत्तर दिलं तर पुढचा प्रश्न: कुणाला, कुठून, किती वाजताच्या उजेडात? रात्रभर जागून केलेलं काम दहा मिनिटांत उलगडलं जातं आणि मुलं रडतात. शिक्षकांनी ज्यूरीत बोचरं बोलणं ही आमच्या क्षेत्रातली वाईट सवय आहे आणि ती जायला हवी. प्रश्न मात्र जाता कामा नये. भार भिंतीवर होता तेव्हा तिचं कारण गुरुत्वाकर्षण द्यायचं. आता ते रेघ ओढणाऱ्यानं द्यायचं आहे.

रेघेचं वजन किती असतं, यासाठी १९८१ सालची कॅन्सस सिटीतल्या एका हॉटेलची दुर्घटना प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी. दालनात दोन पूल एकाखाली एक टांगलेले होते. मूळ रचनेत छतापासून एकच लांब सळई दोन्ही पुलांतून जात होती. बनवायला सोपं जावं म्हणून ती बदलून दोन आखूड सळया केल्या: वरचा पूल छताला आणि खालचा पूल वरच्या पुलाला. एका दोराला दोन माणसं वेगवेगळी लोंबकळत असतील तर प्रत्येकाच्या मुठीवर आपलंच वजन येतं. खालच्यानं दोर सोडून वरच्याचे पाय धरले तर वरच्याच्या मुठीवर दोघांचं वजन पडतं. वरच्या पुलाच्या जोडावर भार दुप्पट झाला आणि कागदपत्रं तपासताना ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. ११४ माणसं गेली.

पदवीला बहुतेक ठिकाणी पाच वर्षांच्या आसपास लागतात, मग परवानाधारक आर्किटेक्टच्या हाताखाली काम, मग परवाना. देशागणिक तपशील बदलतात. कार्यालयात गेल्यावर पहिली काही वर्षं दारं-खिडक्यांची कोष्टकं, शौचालयांचे तपशील, आग लागल्यावर माणसं बाहेर कशी पडतील याचे नकाशे यांत जातात. हे काम हलकं समजू नका. पाइमिओचं बेसिनही असाच एक तपशील होता.

घाई असणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं, की अमेरिकी आर्किटेक्ट लुई कानची गाजलेली कामं बहुतेक पन्नाशीनंतरची आहेत. इराकमध्ये जन्मलेल्या आर्किटेक्ट झहा हदीदनं आधी बैरूतमध्ये गणित शिकलं. तिची चित्रं जगभर गाजत असताना बांधलेली इमारत मात्र वर्षानुवर्षं नव्हती. तिचं पहिलं मोठं बांधकाम, एक अग्निशमन केंद्र, १९९३ साली पूर्ण झालं. तेव्हा ती चाळिशी ओलांडून गेली होती. जपानचे तादाओ आंदो आधी मुष्टियुद्ध करायचे आणि कॉलेजात न जाताच, इमारती पाहत आणि पुस्तकं वाचत, आर्किटेक्ट झाले.

आजच्या विद्यार्थ्यांपुढे मात्र एक प्रश्न आहे जो त्या पिढ्यांपुढे नव्हता. मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के एकट्या सिमेंटच्या उत्पादनातून येतो. ज्या काँक्रीटनं भिंत मोकळी केली, त्याचा हिशेब आता हवेत साठतो आहे. त्यामुळे ‘ही भिंत इथे का’ याच्याही आधी ‘ही इमारत नव्यानं का’ हे विचारावं लागतं.

अ‍ॅन लाकातों आणि जाँ-फिलिप वासाल या फ्रेंच जोडीनं हा प्रश्न फार पूर्वीपासून विचारला. त्यांना २०२१ साली प्रित्झकर मिळाला. बोर्डो शहरात १९६०च्या दशकातल्या, प्रुइट-आयगोच्याच जातकुळीतल्या तीन इमारती होत्या, ५३० घरं. त्यांनी त्या पाडल्या नाहीत. बाहेरून नवा सांगाडा जोडून प्रत्येक घराला काचेची प्रशस्त खोली आणि बाल्कनी वाढवून दिली, आणि हे काम चालू असताना लोक आपापल्या घरातच राहत होते.

त्याच शहरानं १९९६ साली त्यांना एक छोटा त्रिकोणी चौक सुशोभित करायला सांगितलं होतं. कडेला झाडं, काही बाकं, मधे खडी टाकलेली मोकळी जागा. दोघांनी तिथे बराच वेळ घालवला, आसपासच्या लोकांशी बोलले आणि मग महापालिकेला कळवलं, की चौक आहे तसाच सुंदर आहे. खडी बदला, झाडांची निगा राखा, झाडलोट जास्त वेळा करा. महापालिकेनं ते मान्य केलं आणि तेवढंच झालं. नव्या रचनेची एकही रेघ त्या चौकात ओढली गेली नाही.